बॅटमॅन एकच, तर सिनेमे इतके वेगळे का?

जत्रेच्या रात्री देवळामागे दशावतारी मंडळी रंगायला बसतात, तेव्हा त्यांच्यापाशी थोडा वेळ थांबून बोलणं ऐकावं. हातात कागद नसतो. पेटाऱ्याला आरसा टेकवलेला, बोटांना रंग लागलेला, आणि ठरवाठरवी चाललेली असते. आज आख्यान कुठलं, राजा कोण, राक्षस कोण, नारद कधी शिरणार, युद्ध केव्हा लावायचं. एवढं ठरलं की झालं. बाकीची वाक्यं मांडावर, म्हणजे खेळाच्या जागेवर, उभं राहिल्यावर, पेटी-तबला आणि झांजेच्या साथीत, जागच्या जागी सुचायची. म्हणून तेच आख्यान दोन वेगळ्या मंडळांचं पाहिलं तर राक्षस एकाकडे नुसता आडदांड निघतो आणि दुसऱ्याकडे त्याच्या मरणाला डोळ्यांत पाणी येतं.

यंदा गोव्यात फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावी काला, म्हणजे हाच दशावतारी खेळ, पाहायला माझा भाचा शेजारी बसला होता. अकरावीतला मुलगा. त्याने त्याच आठवड्यात बॅटमॅनचे तीन सिनेमे पाहिले होते, 1989 चा, 2005 चा आणि 2022 चा. आख्यान सुरू व्हायच्या आधी त्याने मला विचारलं, "मामा, खरो बॅटमॅन खंयचो?" तिघांचं नाव एक, तिघांचे आईवडील गोळी लागून गेलेले, तिघांकडे काळी गाडी, पण माणूस मात्र प्रत्येक वेळी दुसराच. मग कॉमिकमधल्या मूळ बॅटमॅनशी इमान कोणी राखलं, हा त्याचा प्रश्न. झांज वाजायला लागल्यावर उत्तर तिथेच राहिलं. प्रश्न मोलाचा आहे, आणि त्याचं उत्तर नीट समजलं तर सुपरहिरोंचंच काय, कुठलंही रूपांतर पाहायची नजर बदलते.

आधी अडचण कुठे आहे ते पाहू. कादंबरीवरून सिनेमा होतो तेव्हा तुलना सरळ असते. एक लेखक, एक पुस्तक, एक शेवट. पुस्तक शेजारी ठेवायचं आणि काय गाळलं, काय घातलं ते बघायचं. कॉमिकच्या नायकाचं तसं नसतं. बॅटमॅन पहिल्यांदा आला तो 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'च्या 27 व्या अंकात, मे 1939 च्या. चित्रकार बॉब केन आणि लेखक बिल फिंगर या दोघांनी तो घडवला. (फिंगर 1974 साली वारले. निर्माता म्हणून त्यांचं नाव अधिकृतपणे केनच्या जोडीला लागलं ते 2015 मध्ये. पोशाखापासून गोष्टींपर्यंत ज्यांनी इतकं दिलं, त्यांना हयातीत ते दिसू नये याचं मला आजही वाईट वाटतं.) तेव्हापासून आजपर्यंत ही गोष्ट थांबलेली नाही. शेकडो लेखक, शेकडो चित्रकार, हजारो अंक. यातला मूळ अंक कुठला म्हणायचा?

पहिलाच म्हणावा, तर त्या पहिल्या 6 पानी गोष्टीतला बॅटमॅन गुन्हेगाराला ठोसा मारून आम्लाच्या हौदात पाडतो आणि त्याला हे योग्यच झालं असं म्हणतो. सुरुवातीच्या काही गोष्टींत त्याच्या हातात पिस्तूलही आहे. आईवडिलांच्या खुनाची गोष्ट पहिल्या अंकात नाहीच. ती नोव्हेंबर 1939 च्या 33 व्या अंकात, अवघ्या 2 पानांत येते. त्याचा साथीदार रॉबिन एप्रिल 1940 मध्ये आला. बॅटमॅन जीव घेत नाही, हा आज त्याचा धर्म मानला जाणारा नियम तर संपादकांनी मागाहून घातला. म्हणजे ज्याला आपण मूळ समजतो त्यातल्या निम्म्या गोष्टी मूळ अंकात नाहीत.

आणखी एक गोष्ट भाच्याला फार आवडली. कॉमिकवरून सिनेमा, असा प्रवास आपण धरून चालतो, पण वाट दोन्ही बाजूंनी वाहती आहे. बॅटमॅनचा पहिला पडद्यावरचा अवतार म्हणजे 1943 ची 15 भागांची चित्रपटमालिका. बॅटमॅनच्या घराखालची ती प्रसिद्ध गुहा त्या मालिकेने पुढे आणली आणि मग कॉमिकने उचलली. त्याचा सेवक आल्फ्रेड कॉमिकमध्ये चांगला गोलमटोल होता. मालिकेतला नट सडपातळ होता, तर कॉमिकवाल्यांनी आपल्या आल्फ्रेडलाच बारीक केलं. हार्ले क्विन ही आजची लोकप्रिय खलनायिका 1992 मध्ये एका कार्टून मालिकेत जन्मली आणि नंतर छापील पानांवर आली. मूळ आणि रूपांतर यांच्यात आपण आखतो ती रेघ इथे कधी पक्की नव्हतीच.

मग तुलना करायची कशाची? इथे काल्याचा उपयोग होतो. मांडावर जाण्याआधी मंडळी जेवढं ठरवतात, तेवढाच सांगाडा प्रत्येक दिग्दर्शकाच्या हाती असतो. श्रीमंत घरातला मुलगा, डोळ्यांसमोर आईवडिलांचा खून, अंगात कुठलीही दैवी शक्ती नाही, आणि मोठेपणी वटवाघळाचा वेश घालून रात्री शहरात हिंडणं. हा सांगाडा कोणीही मोडत नाही. मोडला तर तो बॅटमॅन राहत नाही. बाकी सगळं जागच्या जागी. तेव्हा सगळा सिनेमा सगळ्या सिनेमाशी ताडून पाहण्यापेक्षा सांगाड्यातलं एक हाड निवडावं आणि तेवढंच प्रत्येकाने कसं हाताळलं ते बघावं. मी गल्लीतला खून निवडतो.

1939 च्या त्या दोन पानांत हा प्रसंग मोजक्या चौकटींत संपतो. सिनेमा पाहून परतणारं कुटुंब, एक चोर, गळ्यातला हार, दोन गोळ्या, रडणारा मुलगा. मारेकऱ्याला तेव्हा नावही नव्हतं. जो चिल हे नाव त्याला 1948 मध्ये मिळालं. चोर अनोळखी असणं, हाच त्या प्रसंगाचा धसका आहे. कोणीतरी, कुठूनतरी, उगाच.

टिम बर्टनने 1989 च्या 'बॅटमॅन'मध्ये हे बदललं. तिथे गोळी झाडणारा तरुण गुंड पुढे बॅटमॅनचा शत्रू जोकर होतो. मायकेल कीटनचा बॅटमॅन आणि जॅक निकल्सनचा जोकर यांचं मग जुनं वैर होऊन बसतं. तू मला घडवलंस, मी तुला घडवलं, अशी ती जोडी. नाटक म्हणून हे झकास जमतं, कारण शेवटच्या झुंजीत हिशेब चुकता होतो. पण किंमतही मोठी आहे. बॅटमॅन सगळ्या शहरासाठी लढतो की एका माणसासाठी, हे पुसट होतं. मला हा बदल आजही पटत नाही. सिनेमा मात्र फार आवडतो.

क्रिस्टोफर नोलनने 2005 च्या 'बॅटमॅन बिगिन्स'मध्ये बदल केला तो मारेकऱ्यात नसून मुलात. कुटुंब ऑपेरा पाहायला गेलेलं आहे. मंचावर वटवाघळांसारखी सोंगं नाचतात, छोट्या ब्रूसला (बॅटमॅनचं हे खरं नाव) भीती वाटते, तो वडिलांना बाहेर चला म्हणतो. वडील उठतात, मागच्या दाराने बाहेर पडतात आणि तिथे चोर भेटतो. आता त्या मुलाच्या मनात काय राहील विचार करा. मी घाबरलो नसतो तर आईबाबा आज असते. तीच भीती पुढे तो अंगावर चढवतो. मोठा झाल्यावर तो मारेकऱ्याला मारायला पिस्तूल घेऊन न्यायालयात जातो, आणि दुसरंच कोणीतरी त्याच्या आधी गोळी झाडतं. सुडाचं समाधान त्याला मिळतच नाही. क्रिस्टियन बेलचा बॅटमॅन पुढचे दोन सिनेमे नियमांविषयी इतका हट्टी का, याचं मूळ या दोन प्रसंगांत आहे.

झॅक स्नायडरने 2016 मध्ये तेच दृश्य श्रेयनामावलीच्या मागे, संथ गतीत दाखवलं. पिस्तुलाच्या सरकत्या भागात आईची मोत्यांची माळ अडकते, गोळी सुटते, माळ तुटते आणि मोती हवेत पसरतात. मोत्यांची ती प्रतिमा फ्रँक मिलरच्या 1986 च्या गाजलेल्या कॉमिकमधून आली आहे. अक्षरशः मूळ चित्रांशी सर्वांत जवळचं दृश्य कुठलं म्हणाल तर हेच. आणि तरीही मनात ते चित्र म्हणूनच राहतं. त्या मुलाचं दुःख माझ्यापर्यंत पोचलं नाही. चौकट जशीच्या तशी उतरवणं आणि गोष्ट उतरवणं यांतला फरक समजायला हे दृश्य एकदा जरूर पाहावं.

आता 2022. मॅट रीव्हजच्या 'द बॅटमॅन'मध्ये गल्ली नाही, मोती नाहीत, गोळीही नाही. 176 मिनिटांच्या सिनेमात हा प्रसंग एकदाही दिसत नाही. त्याऐवजी काय आहे बघा. सिनेमा सुरू होतो तो शहराच्या महापौराच्या खुनाने. तपासाला पोलिसांबरोबर बॅटमॅन त्या घरात येतो. खोलीभर अधिकारी, कुजबुज, प्रेताच्या तोंडावर गुंडाळलेली चिकटपट्टी. आणि बाजूच्या खोलीत त्या महापौराचा लहान मुलगा बसलेला. वडिलांचं प्रेत पहिल्यांदा त्यानेच पाहिलेलं. बॅटमॅन क्षणभर त्या मुलाकडे बघत थांबतो. बोलत काही नाही. रॉबर्ट पॅटिन्सनचे फक्त डोळे दिसतात, भोवती काळा रंग फासलेले. खुनाची सगळी गोष्ट त्या एका नजरेत सांगून होते, कारण ती गोष्ट आपल्याला ठाऊक आहे हे दिग्दर्शकाने ओळखलं आहे.

काल्यात हेच होतं. श्रीकृष्ण कोण, हे कोणी सांगत बसत नाही. तो येतो, गाव हात जोडतं, पुढचं सुरू होतं. गोष्ट सर्वांच्या ओळखीची झाली की कलावंताला गाळण्याची मोकळीक मिळते. 1989 मध्ये बर्टनला ती नव्हती. त्या काळी बहुतेक लोकांच्या डोळ्यांसमोर बॅटमॅन म्हणजे 1966 ते 1968 ची ॲडम वेस्टची टीव्ही मालिका होती, 120 भागांची, भडक रंगांची, मारामारीत पडद्यावर मोठ्या अक्षरांत 'पॉव' उमटवणारी. तिच्यात आईवडिलांच्या खुनाचा जेमतेम ओझरता उल्लेख येतो. बर्टनला आधी तो हसरा बॅटमॅन लोकांच्या मनातून काढायचा होता. म्हणून त्याला खून दाखवावाच लागला. विनोदी भूमिकांसाठी ओळखला जाणारा कीटन निवडला म्हणून स्टुडिओकडे निषेधाची हजारो पत्रं आली होती. आज तोच कीटन जुन्या चाहत्यांचा लाडका आहे आणि 2023 मध्ये तो तीच भूमिका घेऊन परतला.

ॲडम वेस्टच्या मालिकेला नावं ठेवायची पद्धत आहे. मला ती पद्धत मान्य नाही. 1954 मध्ये अमेरिकेत कॉमिकमुळे मुलं बिघडतात अशी मोठी ओरड झाली आणि प्रकाशकांनी स्वतःवर कडक बंधनं घालून घेतली. गोष्टी सौम्य, रंगीत, कधी परग्रहवासीयांच्या झाल्या. मालिकेने त्या काळच्या बॅटमॅनशी प्रामाणिकपणे नातं जोडलं होतं. म्हणजे कॉमिकशी इमान राखणं म्हणजे कुठल्या दशकातल्या कॉमिकशी, हे आधी विचारायला हवं.

काळाचा हा धागा मराठी माणसाला परका नाही. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी 1907 मध्ये कीचकाची गोष्ट मंचावर आणली. महाभारतातली, सर्वांच्या ओळखीची. पण प्रेक्षकांनी कीचकात लॉर्ड कर्झन पाहिला, द्रौपदीत पारतंत्र्यातला देश पाहिला, आणि 1910 मध्ये इंग्रज सरकारने 'कीचकवध'वर बंदी घातली. सांगाडा पुराणातला, रक्त त्या दिवसांचं. बॅटमॅनचंही तसंच आहे. 1943 च्या मालिकेतला खलनायक जपानी हेर आहे, कारण अमेरिका जपानशी लढत होती. त्यात जपानी लोकांविषयी जे बोललं जातं ते आज ऐकवत नाही. त्या युद्धाचा द्वेष तिथे गोठून राहिला आहे. 2008 च्या 'द डार्क नाइट'मध्ये जोकरला शोधण्यासाठी बॅटमॅन शहरातल्या प्रत्येकाच्या फोनचं कान-डोळ्यांत रूपांतर करणारं यंत्र बनवतो. त्याचा विश्वासू ल्युशियस फॉक्स म्हणतो की हे चुकीचं आहे, हे यंत्र राहणार असेल तर मी राहणार नाही. 11 सप्टेंबर 2001 नंतर सुरक्षेच्या नावाखाली सरकारने किती ऐकावं, किती पाहावं, याचा वाद अमेरिकेत पेटलेला होता. 2022 च्या सिनेमात खलनायक रिडलर इंटरनेटवर अनुयायी जमवतो, घरबसल्या संतापलेली माणसं. दर वेळी वेश तोच आणि भीती त्या त्या वर्षाची.

वेशाचं निघालं म्हणून सांगतो. काल्याच्या सुरुवातीला गणपती येतो. मुखवटा लावलेला गणपती बोलत नाही, सावकाश नाचतो. तो संथपणा आपल्याला देवपणाचा वाटतो. थोडं जवळून पाहिलं तर कळतं की अंगावरच्या त्या जड सोंगाने त्याची चाल ठरवली आहे. मान एकदम वळवता येत नाही, म्हणून तो खांद्यासकट वळतो. आता कीटनचा बॅटमॅन बघा. त्याचा रबरी शिरवेश मानेपासून खांद्यापर्यंत अखंड होता. मान वळतच नव्हती. कोणाकडे बघायचं तर सगळं धड फिरवायचं. कीटनने त्या अडचणीतून शैली काढली. स्थिर उभं राहायचं, कमी हलायचं, आणि वळायचं तर एकदम पुतळ्यासारखं. बर्टनच्या सिनेमातला बॅटमॅन भुतासारखा वाटतो त्यात या अडकलेल्या मानेचा वाटा मोठा आहे. 2008 मध्ये नोलनने ही गोष्ट संवादातच घेतली. ब्रूस फॉक्सकडे मान वळवता येईल असा नवा पोशाख मागतो आणि त्याला तो मिळतो. त्यानंतरचा बॅटमॅन चपळ आहे, सैनिकासारखा. अभिनयाची तुलना करताना आपण चेहऱ्याकडे आणि आवाजाकडे बघतो. पोशाख नटाला काय करू देतो, हे क्वचित कोणी बघतं.

शहराचंही असंच बघता येतं. बर्टनचं गॉथम, म्हणजे बॅटमॅनचं शहर, इंग्लंडच्या पाइनवुड स्टुडिओत उभं केलेलं होतं, अँटन फर्स्टच्या कल्पनेतलं. एकमेकांवर चढलेल्या, ओझ्याने वाकल्यासारख्या इमारती. त्या कामाला कलादिग्दर्शनाचं ऑस्कर मिळालं. नोलनने 2008 मध्ये शिकागोचे खरे रस्ते वापरले आणि मालट्रक खरोखरच उभा उलटवला, संगणकाने काढलेला नव्हे. 2012 च्या सिनेमात तर जोधपूरचा मेहरानगड क्षणभर दिसतो. रीव्हजचं गॉथम मात्र पावसाचं. तो सिनेमा मी पणजीला, जुन्या गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) आवारातल्या मल्टिप्लेक्सात पाहिला. मृग लागल्यावर सत्तरी तालुक्याच्या बाजूला दिवस-दिवस जसा उजेडच येत नाही, भिंती ओल सोडत नाहीत, कपडे वाळत नाहीत, तसं ते शहर. त्या ओलीची चीड त्या बॅटमॅनच्या अंगात मुरलेली दिसते.

राहिला जीव घेण्याचा मुद्दा. चाहत्यांची भांडणं यावरूनच होतात. बर्टनचा बॅटमॅन सरळ मारतो, कारखान्यात बॉम्ब सोडतो. स्नायडरचाही मारतो, गाडीवरच्या तोफांनी. नोलनचा मारत नाही म्हणतो, पण पहिल्या सिनेमाच्या शेवटी वाचवायला नकार देतो, जी पळवाट आहे असं माझं स्पष्ट मत आहे. रीव्हजचा मारत नाही, पण अर्धमेला होईपर्यंत बडवतो. सुरुवातीला गुंड त्याला विचारतात, तू कोण? तो म्हणतो, मी सूड आहे. अडीच तासांनंतर रिडलरचा एक अनुयायी पकडला जातो, मुखवटा निघतो, तू कोण असं विचारल्यावर तो तेच वाक्य बोलतो. पॅटिन्सनच्या चेहऱ्यावर तेव्हा जे येतं, त्यासाठी हा सिनेमा पुन्हा बघावा. त्याने शहराला शिकवलेलं शहर त्याला परत म्हणून दाखवतं. मग पाणी भरलेल्या सभागृहात तो मशाल पेटवून उतरतो, अडकलेल्या लोकांपुढे हात करतो. लोक त्याला घाबरतात. पहिला हात धरतो तो महापौराचा मुलगा.

जत्रा संपल्यावर दोन दिवसांनी भाच्याला घेऊन बसलो. तिन्ही सिनेमांतले तेवढेच तुकडे लावले, आधी 1989 ची गल्ली, मग 2005 चा ऑपेरा, मग 2022 मधली महापौराच्या घरातली ती नजर. तिसरा संपल्यावर त्याने हात करून थांबवायला सांगितलं आणि पुन्हा मागे घ्यायला लावलं. "मामा, तो आपणाकूच पळयता न्हय?" तो म्हणाला, म्हणजे तो स्वतःलाच बघतोय ना. मी तुकडा परत पहिल्यापासून लावला.